स्कूटर नेऊन ये

‘मी सोडीन तुला’ एवढं म्हणायला मला दोन सेकंद लागले आणि ते निस्तरायला पुरा महिना. मला कुणी विचारलेलं नव्हतं, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण ते पुढे निघणारच आहे.

झालं असं की आमच्या हिला नोकरी लागली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी. लग्नाआधी तिनं रक्त तपासायचा अभ्यासक्रम केला होता. मग लग्न, मग मुलगी, मग माझ्या आईचं आजारपण, असं करत करत ते प्रमाणपत्र सव्वीस वर्षं कपाटात पडून राहिलं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली तशी हिनं सहा महिन्यांचा उजळणीचा वर्ग केला आणि मला न सांगता नदीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत अर्ज टाकला. उत्तर आलं. एक तारखेपासून रुजू व्हावे, वेळ सकाळी सात, पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाल्यास नेमणूक रद्द समजावी. मी ते पत्र दोनदा वाचलं. ‘रुजू’ बरोबर लिहिलेलं होतं.

हे मला आधी दिसलं, कारण मी मुद्रितशोधक आहे. हा शब्द हल्ली कुणाला कळत नाही, म्हणून सांगतो. छापखान्यात मजकूर छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका काढतो तो मुद्रितशोधक. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक सुटलेली नाही. हे मी सांगत नाही, आमचे व्यवस्थापक सांगतात. फार वर्षांपूर्वी एकदा सांगितलं होतं. मी दुकानांच्या पाट्या वाचत चालतो, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचतो आणि खिशात कायम लाल पेन ठेवतो. लोक मला दबकून असतात, असा माझा समज आहे.

तर प्रश्न पोचण्याचा होता. पहिली बस साडेसहाला, ती मोठ्या पुलावरून वळसा घालून जाते आणि पलीकडे पोचते पावणेआठला. मधल्या जुन्या अरुंद पुलावरून सात किलोमीटर पडतं, पण त्यावरून बस जात नाही, आणि चालत जायचं तर दीड तास. पत्राची घडी घालत ही म्हणाली, "मी काय म्हणते..."

"काही म्हणू नकोस. मी सोडीन तुला."

"कशावर?"

प्रश्न रास्त होता. आमच्याकडे वाहन नव्हतं आणि असतं तरी मला ते चालवता आलं नसतं. छापखाना घरापासून चालत बारा मिनिटांवर, त्यामुळे आयुष्यात कधी गरजच पडली नाही. मला सायकलसुद्धा येत नाही. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द मागे घ्यायची सवय माझ्या धंद्यात फक्त दुसऱ्यांना लावायची असते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊन मी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे दुकानदाराचा माणूस चालवत घेऊन आला, मी मागे बसलो होतो.

दुकानदार म्हणाला होता, ताशी पंचवीसच्या आतली गाडी आहे, परवाना लागत नाही. नोंदणी नाही, कटकट नाही. "सायकलच समजा साहेब, फक्त पाय मारायचे नाहीत." मला हे वाक्य फार आवडलं. त्यानं मला पुस्तिकाही दिली. तिच्यात एकूण एक्केचाळीस चुका होत्या, त्या मी रात्रीच्या आत काढून दुसऱ्या दिवशी त्याला परत नेऊन दिल्या. त्याचा चेहरा कृतज्ञ दिसला नाही.

आमच्या इमारतीत काहीही नवीन आलं की ते आधी सगळ्यांचं होतं आणि मग ज्याचं त्याचं. स्कूटर खाली उभी राहिली तशी प्रत्येक मजल्यावरून माणसं उतरली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, हिचा आवाजच येत नाही, ही कुणाला तरी चिरडणार, तुम्ही भोंगा सतत वाजवत चला. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, बसायची गादी रेक्झिनची आहे, उन्हात तापेल, मी खोळ शिवून देतो. इमारतीचे चिटणीस वाकून बॅटरी बघत होते. ते घरी गेले आणि संध्याकाळी मला लेखी विचारणा आली, की सदर वाहनाची बॅटरी आपण कोणत्या विजेवर भारित करणार आहात. जिन्यातली वीज सामायिक होती. तेव्हा मी माझ्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खालपर्यंत वायर सोडली. ती चिटणिसांच्या खिडकीसमोरून गेली. दुसरी विचारणा आली. मी तिच्यातला ‘भारीत’ ऱ्हस्व करून ती परत पाठवली, आणि त्यानंतर आमचे संबंध बिघडले.

सगळ्यांत जास्त सल्ला दिला तो ब्रेककाकांनी. हे आमच्या समोरच्या दारातले. तेहेतीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त आहेत. कुणी काही ठरवलं की आधी ते थांबवायचं, हा त्यांचा स्वभाव, म्हणून हे नाव. स्कूटरभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "दोन चाकांच्या गाडीला मी गाडीच मानत नाही. पण आता घेतलीच आहे तर मी शिकवतो."

"तुम्हाला येते का स्कूटर?"

"छे. पण रस्ता येतो."

रोज सकाळी सहाला ते कुंपणाच्या भिंतीवर शिट्टी घेऊन बसत आणि मी आवारात फिरे. स्कूटरला क्लच नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. ते "क्लच" म्हणून ओरडत, मी गोंधळून ब्रेक दाबे आणि तोंडावर येई. चौथ्या दिवशी मी शिंप्याच्या दारातल्या कापडाच्या गठ्ठ्यात घुसलो. त्याला काही वाटलं नाही. त्यानं तिथेच खोळीचं माप घेतलं. ही गॅलरीतून हे सगळं बघत असे. एकदा खाली येऊन म्हणाली, "अहो, मी काय म्हणते..."

"आत्ता नको, लक्ष विचलित होतं."

आठवड्याभरात मी सरळ चालवायला लागलो. वळायला लागलो. मग बातमी आणली ब्रेककाकांनीच. परवाना लागत नाही हे खरं, पण एकट्यानं चालवली तर. मागे माणूस बसवायचा असेल तर परवाना लागतो. मी दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "मागे माणूस बसवणार असं तुम्ही बोलला नव्हतात." सायकल समजायची तर मग सायकलच समजायची, असं त्याचं म्हणणं.

परवाना कार्यालयात लेखी परीक्षा असते. वीस प्रश्न, वीस मिनिटं. मी नियमांचं पुस्तक पाठ करून गेलो होतो. प्रश्नपत्रिका हातात आली आणि पहिल्याच ओळीत ‘पदाचाऱ्यांस’ दिसलं. पादचारी हवं. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पुढे ‘गतीरोधक’ होतं, ते ऱ्हस्व केलं. ‘तांबडा दीवा लागल्यास आपण काय कराल’ या प्रश्नात दिवा दुरुस्त केला, प्रश्नचिन्ह घातलं आणि शेजारी समासात ‘ठळक टाइप घ्यावा’ अशी सूचना लिहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा कागद लाल झाला होता आणि उत्तरं लिहायची राहिली होती.

परीक्षक बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. "तुम्ही परीक्षा द्यायला आलात की घ्यायला?"

मी नापास झालो. शाळेत असताना मी नापास झालो नव्हतो. घरी आल्यावर हिनं काही विचारलं नाही, फक्त चहा पुढे ठेवला, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं. तारीख बारा होती.

आठ दिवसांनी परत गेलो. त्या वेळी हिनं निघताना माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं. वीसपैकी वीस आले. लगेच पाठीमागच्या मैदानात प्रत्यक्ष चाचणी. तिथले परीक्षक झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. जमिनीवर कधीकाळी चुन्यानं काही आखलं होतं, पण उमेदवारांच्या चाकांनी ते पुसून गेलं होतं.

"आठ काढा," ते म्हणाले. "पाय टेकायचा नाही."

आता ज्याला आठाचा आकडा अठ्ठावीस वर्षं रोज भेटतो त्याला हे काय अवघड. मी मन एकाग्र केलं आणि आठ काढला. वरून सुरुवात केली, डावीकडून पोट धरत खाली आलो, आणि मग उजवीकडे झोकात शेपटी ओढली. आपल्या आठाची शेपटी उजवीकडे मोकळी सुटते. मैदानाच्या उजवीकडे फाटक होतं आणि ते उघडं होतं. फाटकाबाहेर अर्ज भरून देणारा एक गृहस्थ टेबल टाकून बसला होता. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक त्याच्या टेबलाखाली होतं आणि माझ्या मांडीवर कोरे अर्ज.

त्यानं चष्मा नीट केला. "कुठला अर्ज हवाय?"

परीक्षक धावत आले. "अहो, आठ म्हणजे दोन वेटोळी. इंग्रजी आठ."

"तुम्ही मला ‘आठ’ म्हणालात. ‘एट’ म्हणाला नाहीत."

"इथे सगळे तोच काढतात."

"सगळे चुकीचा काढतात," मी म्हणालो. हे बोलायला नको होतं. त्यांनी पुढची तारीख अठ्ठावीस दिली. मी विनवलं, बायकोची नोकरी एकपासून आहे, मधली एखादी द्या. ते म्हणाले, मधल्या तारखा आधी ज्यांना आठ येतो त्यांच्यासाठी आहेत.

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. झोपेत वेटोळी. जेवताना ताटात बोटानं वेटोळी. छापखान्यातही टेबलावर पेन्सिलीनं एकाला एक लागून वेटोळी काढत बसे. त्याच आठवड्यात रस्त्यावरच्या फलकांचं तातडीचं काम आलं होतं. पंचवीसेक फलक, त्याच दिवशी तपासून रंगाऱ्याकडे जायचे. मी ते तपासले, सह्या ठोकल्या आणि पुन्हा वेटोळ्यांकडे वळलो. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मुद्रितशोधक अर्थ वाचत नाही, अक्षरं वाचतो. अर्थात शिरलं की चूक सुटते. त्या दिवशी मी अर्थही वाचला नाही आणि अक्षरंही.

अठ्ठावीसला मी इंग्रजी आठ काढला. परवाना मिळाला. माझा फोटो त्यात घाबरलेला आला आहे, पण नाव शुद्ध छापलंय. ब्रेककाकांनी परवाना उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "पण तो जुना पूल स्कूटरला बंद करणार म्हणतात. कमजोर झालाय."

"कोण म्हणतं?"

"बसवाल्यांत बोलणं चाललंय."

मी त्यांना सांगितलं की मी ऐकीव गोष्टींवर चालत नाही, लेखी काय असेल ते बघू. मोठ्या पुलावर पंचवीसच्या आतल्या गाड्यांना मुळातच मनाई होती, तेव्हा जुना पूल बंद होणं मला परवडणारंच नव्हतं. माणूस अशा वेळी फार तत्त्वनिष्ठ होतो.

रविवारी, म्हणजे एक तारखेच्या दोन दिवस आधी, मी हिला रंगीत तालमीला घेऊन निघालो. दोघांची शिरस्त्राणं नवी होती. ती घातल्यावर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, हा एक फायदा दुकानदारानं सांगितला नव्हता. ही मागे बसून काहीतरी म्हणत होती. मला फक्त "मी काय" एवढंच कळलं. पुलाच्या तोंडाशी आलो तर नवा कोरा फलक. पिवळ्यावर काळी अक्षरं. मी थांबून वाचला.

‘या पुलावरून स्कूटर नेऊन ये.’

मला खटकलं, नाही असं नाही. पहिली गोष्ट म्हणजे एकेरी. सार्वजनिक फलकानं नागरिकाला ‘ये’ म्हणावं हे मला मुळीच आवडलं नाही, निदान ‘या’ तरी. दुसरं असं, की फलक सहसा काही करू नका म्हणतात, हा काही करून ये म्हणत होता. मनातल्या मनात एक शंका हलली, पण मी तिला बसवलं. सात किलोमीटर, सकाळचे सात, एक तारीख. आणि लेखी आहे. मी म्हटलं, बघ, पूल चालू आहे, वर बोलावतायत. ही मागून खांद्यावर थापा मारत होती. मला वाटलं, कौतुक करतेय.

पलीकडच्या टोकाला हवालदार उभा होता.

"फलक वाचला नाही का?"

"वाचला. म्हणूनच आलो."

"स्कूटर नेऊ नये असं लिहिलंय."

"नेऊन ये असं लिहिलंय."

मग आम्ही तिघं पूल चालत परत आलो, स्कूटर ढकलत. त्यानं फलक वाचला. ओठ हलवत पुन्हा वाचला. डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अक्षरं तर सगळी आहेत." खरं होतं ते. एकही अक्षर कमी नव्हतं, जास्त नव्हतं. फक्त ‘न’ आपली जागा सोडून शेजारी जाऊन बसला होता.

प्रकरण चौकीत गेलं. चौकीतले साहेब सभ्य होते आणि सुटीच्या दिवशी वैतागलेले होते. मी ताठ बसून सांगितलं की मी मुद्रितशोधक आहे, फलक सदोष आहे, आणि हा ज्या कुणी तपासला त्याला आधी समोर आणा, मग माझ्या स्कूटरला हात लावा. मी बराच वेळ बोललो. भाषेच्या ऱ्हासाबद्दलही थोडं बोललो. साहेबांनी कपाटातून फाइल काढली. फलकाचा मजकूर तपासलेला कागद तिच्यात होता. कोपऱ्यात लाल पेनानं बरोबरची खूण, खाली सही, आणि समासात पेन्सिलीनं एकाला एक लागून दोन वेटोळी.

सही माझी होती.

कागद हातात घेऊन मी तो पुन्हा पुन्हा वाचला, दर वेळी ‘नेऊन ये’च आलं. अठ्ठावीस वर्षं. आणि सुटला कुठला शब्द, तर ज्याच्यावर माझ्या बायकोची नोकरी अडली होती तो.

साहेब म्हणाले, "आता दोन रकाने आहेत. तुम्ही वाचण्यात चुकलात असं लिहिलंत तर गुन्हा किरकोळ, समज देऊन स्कूटर आत्ता सोडतो. तपासण्यात चुकलात असं लिहिलंत तर तुमचा गुन्हा नाही, पण फलक वादातला होतो. स्कूटर पुरावा म्हणून इथे राहील. फलक बदलेपर्यंत. पंधरा दिवस धरा."

ही माझ्या शेजारी बाकावर बसली होती, शिरस्त्राण मांडीवर घेऊन. मी तिच्याकडे बघितलं. पहिल्या रकान्यात सही केली की स्कूटर मिळत होती. जुना पूल आता बंद, मोठ्या पुलावर मनाई, म्हणजे ती स्कूटर मी चालवणार कुठे, तर आवारात शिट्टीच्या तालावर. आणि फलक तसाच राहिला तर उद्या सकाळी आणखी कुणीतरी बायकोला मागे बसवून ‘ये’ म्हटल्यावर येणार होतं, कमजोर पुलावर. मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘तपासण्यात चुकलो.’ सही स्वच्छ आली.

बाहेर आलो. चौकीच्या पायरीवर बसलो आणि म्हणालो, "तुझी नोकरी घालवली मी."

"अहो, मी काय म्हणते..."

महिन्याभरात पहिल्यांदा मी विचारलं, "काय म्हणतेस?"

"पुलावर सायकलला बंदी नाहीये."

मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतेय. पण ती शांत होती. म्हणाली, शाळेत ती पाच वर्षं सायकलनं जात होती. पत्र आलं त्याच दिवशी तिला तेच सुचवायचं होतं. मी ऐकलं नाही, तेव्हा पुलापाशी जो दुरुस्तीवाला बसतो त्याच्याकडून तिनं महिन्याच्या भाड्यानं एक जुनी सायकल घेतली. मी छापखान्यात असायचो तेव्हा दुपारी ती चालवायची. आधी नदीकाठानं, मग पुलावरून, मग प्रयोगशाळेपर्यंत आणि परत. गेल्या आठवड्यात तिसाव्या मिनिटाला पोचली होती. शिंप्यानं तिला सायकलच्या सीटची खोळही शिवून दिली होती. म्हणजे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सुरुवात केली. मागे बसून तिसऱ्यांदा." मग तिनं शिरस्त्राणाचा पट्टा नीट केला. "आणि तुम्ही इतकं धडपडत होतात माझ्यासाठी. मोडवेना."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच वाईट वाटलं. सहीपेक्षाही जास्त. मी म्हणालो, "मला वाटलं, तुला कुणीतरी सोडायला हवं."

"मला सोडायला कुणी नको होतं हो," ती म्हणाली. "मला पोचायचं होतं."

सोमवारी मी व्यवस्थापकांना सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत एक. माझ्या हिशेबात तीन आहेत, पण तुम्हाला सांगायची कुणाची हिंमत नव्हती." दुपारी मी रंगाऱ्याबरोबर पुलावर गेलो. तो शिडीवर, मी खाली रंगाचा डबा धरून. रंगाऱ्याचं म्हणणं पडलं की एका अक्षरासाठी इतकं काय, लोक अंदाजानं वाचतात. मी त्याला काही बोललो नाही. पहिल्यांदाच कुणाला काही बोललो नाही.

एक तारखेला ती सव्वासहाला खाली उतरली. डबा मागच्या कॅरियरला, चष्म्याचं घर पिशवीत. मी नियमांचं पुस्तक पाठ असलेला माणूस, त्यामुळे जिन्यात सगळं सांगून घेतलं. डाव्या कडेनं चाल, वळताना हात दाखव, चौकात आधी उजवीकडे बघ, ट्रकच्या बाजूनं घुसू नकोस. ती हो हो म्हणत होती. समोरच्या गॅलरीत ब्रेककाका शिट्टी घेऊन उभे होते, पण त्यांनी ती वाजवली नाही. म्हणाले, "जाऊ द्या आता त्यांना."

तिनं पायडलवर पाय ठेवला आणि गेली. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. मी फाटकात उभा राहणार होतो, पण पाय ऐकेनात. मागे धावायला बंदी असल्याचं मला कुठल्याही नियमात आठवेना. तेव्हा धावलो. कोपऱ्यावर तिनं वळताना हात दाखवला, अगदी पुस्तकात आहे तसा. मला भरून आलं. पुढच्या रस्त्यावर ती लांब गेली, मग पुलाच्या चढावर पुन्हा दिसली, मग चढ संपला आणि दिसेनाशी झाली. मी पुलापर्यंत पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. कठड्याला टेकून बसलो. कामावर जाणाऱ्या सायकली एकामागून एक जात होत्या. त्या सगळ्या रोज जात असणार, मी कधी पाहिल्या नव्हत्या.

सहा पन्नासला फोन वाजला.

"पोचले," ती म्हणाली. तिलाही धाप लागली होती. मागे कुणीतरी "या बाई, या" म्हणत होतं. "दहा मिनिटं आधी. तुम्ही कुठे आहात?"

"पुलावर."

"मला वाटलंच. मागे कुणीतरी धापा टाकतंय असं ऐकू येत होतं." मग म्हणाली, "उद्या असे मागे धावत येऊ नका. माझं सगळं लक्ष मागे राहतं."

"मग मी काय करू?"

"सायकल शिका."

माझ्या पुढून एक आजोबा सायकलवरून गेले, माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे, घंटी वाजवत. शब्द तोंडातून काढायला मला या वेळी दोन सेकंदांहून बराच जास्त वेळ लागला.

"शिकवशील का?"

"शिकवीन की," ती म्हणाली. "पण रविवारी. रविवारी मला सुट्टी असते."

पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिनं फोन ठेवला. सव्वीस वर्षांत ‘मला सुट्टी असते’ हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. फोन तसाच कानाला धरून मी कितीतरी वेळ तिथे बसून राहिलो.